अंगणाखालचं काम

पाऊस उघडतो, दसरा होतो आणि शहरांच्या कडेला वसलेल्या बंगल्यांच्या कॉलन्यांत अंगणाची कामं निघतात. गेटाबाहेर मुरमाचा ढीग पडतो, कंपाउंडच्या भिंतीला पेव्हर ब्लॉकच्या थप्प्या लागतात आणि यंदा किल्ला कुठे करायचा या काळजीत घरातली मुलं त्या ढिगाभोवती घुटमळत राहतात. सातारा असो, नगर असो की पुण्याजवळचं तळेगाव, मागणी साधीच असते. गाडी उभी राहील एवढी जागा, संध्याकाळी चार खुर्च्या टाकता येतील असा तुळशीपुढचा भाग आणि पावसाळ्यात चिखल घरात येणार नाही एवढी सोय.

घरबांधणीत हे काम सगळ्यांत शेवटी येतं. तोवर कर्जाचे हप्ते उचलून झालेले असतात, इंजिनिअर हिशेब करून मोकळा झालेला असतो आणि वास्तुशांतीची नाहीतर दिवाळीची तारीख डोक्यावर असते. मग घरमालक शेजाऱ्याकडून नंबर घेऊन एखाद्या ठेकेदाराला बोलावतो आणि पहिलाच प्रश्न विचारतो, ‘स्क्वेअर फुटाला काय भाव?’

या लेखासाठी चालू कामं पाहिली, मिस्त्री, ब्लॉकचे कारखानदार आणि घरमालक यांच्याशी बोलले, आणि माझं मत पक्कं झालं. अंगण बिघडायला सुरुवात या प्रश्नापासून होते. भाव विचारला जातो वरच्या ब्लॉकचा आणि अंगण टिकतं ते खालच्या भरावावर. भावात घासाघीस केली की ठेकेदाराला पैसे वाचवायला एकच जागा उरते, आणि ती जागा ब्लॉक बसल्यावर कुणाला दिसत नाही. म्हणून माणूस निवडायचा तो खालचं काम कसं करणार हे विचारून, आणि त्या कामाचे पैसे मनापासून द्यायचे.

जमीन कोणती, ते आधी

पश्चिम महाराष्ट्रातल्या आणि मराठवाड्यातल्या पुष्कळ कॉलन्या एके काळच्या शेतांवर उभ्या आहेत. खाली काळी माती. कपाशीला आणि ज्वारीला ती सोनं, पण अंगणाला वैरी. तिच्यातल्या चिकणमातीचा मुख्य घटक पाणी शोषून फुगतो आणि वाळला की आक्रसतो. उन्हाळ्यात याच मातीला हात जाईल एवढ्या भेगा पडतात, हे शेतकऱ्याला सांगावं लागत नाही. अशा मातीवर नुसती कच पसरून ब्लॉक मांडले, तर पहिल्या पावसाळ्यात काही भाग वर येतो, उन्हाळ्यात काही भाग खाली बसतो, आणि जिथे गाडीचं चाक रोज जातं तिथे दोन सरी पडतात.

उपाय जुनाच आहे. काळी माती काढायची, निदान वरचा फूट-दीड फूट, आणि तिच्या जागी मुरूम भरायचा. तोही एका दमात नाही. सहा-सहा इंचांचे थर, प्रत्येक थरावर पाणी, प्रत्येक थरावर रोलर किंवा धुमस. एकदम फूटभर मुरूम टाकून वरून रोलर फिरवला, तर वरचे काही इंच दबतात आणि खालचा मुरूम भुसभुशीतच राहतो. गाडी उभी राहणार असेल तिथे मुरमावर डबराचं सोलिंग किंवा खडी-कचेचा दाबलेला थर हवा.

कोकणात गणित वेगळं. तिथे खाली जांभा किंवा तांबडी माती, पाणी चटकन जिरवणारी. सिंधुदुर्गात अंगणाला खळं म्हणतात. पाऊस सरल्यावर गवत तासून, माती भिजवून ती लाकडी चोपण्याने चोपायची आणि शेणाने सारवायची, ही तिथली दर वर्षीची रीत. अंगण दर वर्षी नवं करायचं असतं हे त्या रीतीने गृहीतच धरलेलं होतं. आपल्याला मात्र एकदा पैसे टाकून वीस वर्षं बघायचं नसतं, म्हणून त्या चोपण्याचं सगळं काम आता एकदाच, पण नीट, करून घ्यावं लागतं.

कऱ्हाडजवळचं एक काम

कऱ्हाडजवळच्या एका कॉलनीत एका निवृत्त शिक्षकांच्या घरी काम चालू होतं. साधारण हजार चौरस फुटांचं अंगण. ठेकेदार त्याच तालुक्यातला, मूळचा गवंडी, आता हाताखाली पाच-सहा माणसं. मी पोचले तेव्हा मुरमाची ट्रॅक्टर-ट्रॉली गेटाशी उभी होती आणि ठेकेदार स्वतः टेप लावून तिची लांबी, रुंदी आणि आतली उंची गुरुजींना मोजून दाखवत होता.

“गुरुजी, शंभर घनफुटांचा एक ब्रास. ही ट्रॉली काठोकाठ भरली तर एक ब्रास. हिला काठाला चार बोटं कमी आहेत, तेवढं वजा करा. वहीत लिहा तुम्ही, मला सांगू नका.”

हिशेब कुणालाही जमेल असा आहे. हजार चौरस फुटांवर सहा इंचांचा थर म्हणजे पाचशे घनफूट, पाच ब्रास. पण तो दाबल्यानंतरचा. सैल मुरूम दबून बसतो, म्हणून ट्रॉलीतून आणताना पाचाच्या जागी सहा-सव्वासहा ब्रास लागतो. फूटभर भराव असेल तर त्याच्या दुप्पट. ज्या अंगणात फूटभर भरावाचे पैसे घेतले आणि पाच-सहा ट्रॉल्यांतच काम आटोपलं, तिथे मुरूम कुठे गेला हे विचारायला इंजिनिअर लागत नाही. ट्रॉल्या मोजल्या की पुरतं. मुरूम हे गौण खनिज आहे, तेव्हा वाहतुकीचा पास आहे का हेही विचारून घ्यावं. टेकडी चोरून खणलेला मुरूम आपल्या दारात नको.

त्याच कामावर मी गेटाचा प्रश्न पाहिला. गेट आत उघडणारं. नवा भराव, वर वाळूचा थर, वर ब्लॉक, असं सगळं धरलं तर जमीन गेटाच्या खालच्या पट्टीच्या वर जात होती. ठेकेदाराने हे खणायच्या आधीच पारखलं आणि तेवढी माती जास्त काढली. कमी अनुभवाचा माणूस असता तर सगळं झाल्यावर वेल्डरला बोलावून गेट कापावं लागलं असतं. चेंबरची झाकणं, सेप्टिक टँकचं झाकण, पाण्याचा मीटर हे सगळं नव्या पातळीला उचलून घ्यावं लागतं. बागेतल्या दिव्याची वायर, पुढेमागे लागणारी पाण्याची नळी यांसाठी रिकामे पाइप भरावातच टाकून ठेवावे लागतात. यातलं काय काय ठेकेदार स्वतःहून काढतो, यावरून त्याचा अनुभव कळतो. पहिल्या भेटीत तो टेप काढून फक्त लांबी-रुंदी घेऊन भाव सांगून गेला, तर त्याने अजून काम पाहिलेलं नाही असं समजावं.

ढाळ

अंगणाची खरी परीक्षा पाणी घेतं. जमिनीला ढाळ असला पाहिजे आणि तो घरापासून बाहेर असला पाहिजे. मिस्त्री लोकांचं माप आहे पाच फुटाला एक इंच. तीस फूट लांबीच्या अंगणात घराकडची कड आणि गेटाकडची कड यांत सहा इंचांचा फरक पडतो. ऐकताना तो फार वाटतो, चालताना जाणवतही नाही. नुसत्या डोळ्यांनी ढाळ ठरत नाही. पारदर्शक नळीत पाणी भरून दोन टोकांना पातळी घ्यायची, खुंट्या ठोकायच्या आणि दोऱ्या ताणायच्या. आता लेसर लेव्हलही आली आहे, पण नळी वापरणारा मिस्त्री चांगला असेल तर ती कुठे कमी पडत नाही.

दुसरी गोष्ट जोत्याची. ब्लॉकची वरची पातळी जोत्याच्या पातळीपेक्षा निदान सहा इंच खाली राहिली पाहिजे. जुन्या अंगणावरच नवा थर चढवत गेलं की ही उंची खाल्ली जाते, पावसाचे शिंतोडे भिंतीवर बसतात, ओल चढते आणि पुढे वाळवीची वाट मोकळी होते. दोन-तीनदा अंगण करून घेतलेल्या कित्येक घरांत भिंतीच्या खालच्या फूटभर भागातला रंग सुटलेला दिसतो. दोष रंगाच्या माथी मारला जातो.

आणि सगळं पाणी गटारातच सोडायचं का, हा प्रश्न प्रत्येकाने स्वतःला विचारावा. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. हजार चौरस फूट म्हणजे सुमारे ९३ चौरस मीटर. पुण्यात वर्षाला साधारण सातशे मिलिमीटर पाऊस पडतो असं धरलं, तरी अशा एका अंगणावर पासष्ट हजार लिटर पाणी येतं. सगळं अंगण काँक्रीटने बंद केलं की ते रस्त्यावर जातं, आणि गल्लीतल्या प्रत्येकाने हेच केलं की उताराच्या शेवटच्या घरात शिरतं. सांध्यांत वाळू भरलेले ब्लॉक थोडं पाणी जिरू देतात, पण थोडंच. ढाळाच्या शेवटी शोषखड्डा किंवा बोअरवेलच्या पुनर्भरणाचा खड्डा, कडेने दोन फुटांची मातीची पट्टी, झाडाभोवती मोकळं आळं, एवढं केलं तरी फरक पडतो. झाडाच्या बुंध्याभोवती एक मीटर जागा काँक्रीटमुक्त ठेवा, असा आदेश राष्ट्रीय हरित लवादाने २०१३ साली दिल्लीतल्या झाडांसाठी दिला होता. आपल्या दारातल्या आंब्याला तोच न्याय द्यायला कुणाच्या आदेशाची गरज नाही.

ब्लॉक, फरशी, चिरा

वर काय घालायचं हा आवडीचा भाग, आणि बहुतेकांची चर्चा इथूनच सुरू होते. काँक्रीटचे पेव्हर ब्लॉक मुळात नेदरलँड्समध्ये दुसऱ्या महायुद्धानंतर विटांच्या टंचाईतून पुढे आले. आपल्याकडे आता तालुक्यागणिक त्यांचे कारखाने आहेत. भारतीय मानक आयएस १५६५८ मध्ये कुठल्या वापराला कुठला ब्लॉक याची प्रतवारी आहे. फक्त चालायच्या जागेला ५० मिलिमीटर जाडीचा एम-३०, हलक्या वाहनांसाठी ६० मिलिमीटरचा एम-३५, मध्यम वाहतुकीसाठी ८० मिलिमीटरचा एम-४०. घरातली मोटार आणि दुचाक्या यांना ६० मिलिमीटर पुरतो. पाण्याचा टँकर किंवा सामानाचा ट्रक आत येणार असेल तर ८०चा घ्यावा.

बाजारात दोन जातीचे ब्लॉक मिळतात. एक रबर किंवा प्लॅस्टिकच्या साच्यात ओतून केलेले, चकचकीत, रंगीत. दुसरे मशीनवर दाबून केलेले, अंगाने खरखरीत. पहिले शोरूममध्ये डोळ्यांत भरतात, पण ओले झाले की घसरडे होतात, आणि घरात वयस्कर माणूस असेल तर हा मुद्दा रंगापेक्षा मोठा आहे. एका कारखान्यात मालकाने दोन ब्लॉक उचलून एकमेकांवर आपटून दाखवले. पक्का ब्लॉक खणखणतो, कच्चा बद्द वाजतो. हा कानाचा अंदाज झाला. वजनकाटा असेल तर आणखी एक करता येतं. उन्हात खडखडीत वाळवलेला ब्लॉक तोलायचा, चोवीस तास पाण्यात बुडवायचा, पुसून पुन्हा तोलायचा. मानकाप्रमाणे सरासरी सहा टक्क्यांहून जास्त पाणी ब्लॉकने पिऊ नये. साडेतीन किलोचा ब्लॉक असेल तर वाढ २१० ग्रॅमच्या आत हवी. प्रयोगशाळेत ब्लॉक भट्टीत वाळवतात, त्यामुळे घरची चाचणी ढोबळ, पण फार पिणारा ब्लॉक तिच्यातही पकडला जातो. मोठं काम असेल तर जवळच्या इंजिनिअरिंग कॉलेजच्या प्रयोगशाळेत नमुने फोडून ताकद तपासून घ्यावी.

दगडाचं घराणं वेगळं. गुलबर्ग्याकडची शहाबादी, तेलंगणातली तांदूर, राजस्थानातला कोटा हे सगळे चुनखडीचे दगड. शहाबादी फरशीने मराठी घरांची कित्येक पिढ्या सेवा केली आहे. मात्र उघड्या अंगणात, ऊन-पावसात, तिचा पातळ आणि मऊ माल पापुद्रे सोडतो. जाड, घट्ट थराची निवडून घेतली तर ती आजही देखणी दिसते. कोकणात आणि गोव्यात जांभ्याचा चिरा हाताशी आहे. तो पाणी पितो, पावसाळ्यात शेवाळ धरतो, पण त्या मातीला आणि त्या घरांना शोभतो. तिथे गुळगुळीत टाइल लावून पावसाळाभर पाय घसरत राहण्यापेक्षा चिरा बरा.

बसवण्याची रीतही पाहून ठेवावी. ब्लॉकखालच्या वाळूचा किंवा कचेचा थर सगळीकडे सारखा, दाबून साधारण ३० मिलिमीटर. भरावातले खड्डे या वाळूने बुजवायचे नसतात, कारण वाळू तिथेच बसणार आणि ब्लॉकही. गाडीच्या वाटेवर ब्लॉक एकमेकांना काटकोनात गुंतवून मांडले की चाक वळताना ते सरकत नाहीत. कडेला काँक्रीटमध्ये रोवलेला कर्ब हवाच. तो नसेल तर कडेचे ब्लॉक बाहेर सरकतात आणि मग सगळं अंगण हळूहळू सुटतं. मांडून झालं की व्हायब्रेटरची प्लेट फिरवायची, सांध्यांत कोरडी बारीक वाळू झाडूने भरायची, आणि पुन्हा प्लेट. सांध्यांत सिमेंट ओतून ‘पक्कं’ करून देणारे भेटतात. ब्लॉकच्या अंगणात त्याची गरज नसते. थोडं हलून पुन्हा बसण्याची त्याची सवयच सिमेंटने मोडते, आणि मग तडे जातात.

माणूस कसा निवडायचा

स्थानिक माणूस घ्यावा, असं मी ठामपणे म्हणते. तो स्वस्त पडतो म्हणून नव्हे. त्याला आपल्या गावची जमीन माहीत असते, कुठल्या खाणीचा मुरूम मातकट आहे हे माहीत असतं, आणि काम बिघडलं तर तो भाजी घेताना समोर येतो. त्याची पुढची पाच कामं याच कॉलनीतून मिळणार असतात. हे नातं दोघांनाही सांभाळून ठेवतं.

त्याने केलेली कामं बघायला जरूर जावं, पण नवी नको. दोन-तीन पावसाळे पाहिलेली कामं बघावीत. गाडीच्या चाकाखाली सरी पडल्यात का, पाणी साचल्याचे पांढरे-हिरवे डाग आहेत का, कड सुटली आहे का, हे पाच मिनिटांत दिसतं. त्या घरच्या माणसांना एकच प्रश्न विचारावा, ‘काही दुरुस्ती निघाली तेव्हा आले का?’

दर मागवताना दोन-तीन जणांकडून मागवावेत, पण सगळ्यांना एकच यादी द्यावी. खोदाई किती, माती कुठे टाकणार, मुरूम किती इंच आणि किती थरांत, सोलिंग आहे की नाही, ब्लॉक कुठल्या जाडीचा आणि ग्रेडचा, कर्ब किती फूट, ढाळ कुठल्या दिशेला. असं केलं की आकडे शेजारी ठेवून वाचता येतात. एखाद्याचा दर फारच कमी असेल तर त्याला हाकलू नये आणि लगेच होही म्हणू नये. ‘यात काय नाही?’ असं शांतपणे विचारावं. उत्तर बहुतेक वेळा मुरमातच सापडतं.

जीएसटीबद्दलही गैरसमज फार. सेवा देणाऱ्याची वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर सर्वसाधारणपणे नोंदणी सक्तीची नाही. त्यामुळे लहान ठेकेदाराकडे जीएसटी क्रमांक नसणं हा गुन्हा नव्हे. पण जो बिलात जीएसटी लावतो, त्याने क्रमांक दाखवलाच पाहिजे.

कागद आणि पैसे

आपल्याकडे ओळखीच्या माणसाशी लिहून घेणं अपमानाचं वाटतं. मला ते आदराचं वाटतं. दोन्ही बाजूंना काय ठरलं ते विसरायला होत नाही. वर दिलेली यादी, एकूण रक्कम, काम कधी सुरू आणि किती दिवसांत, जादा काम निघालं तर त्याचा दर, आणि पैशांचे टप्पे, एवढं वहीच्या एका पानावर बसतं. खाली दोघांच्या सह्या.

टप्पे कामाला बांधावेत, तारखांना नाही. सुरुवातीला थोडी उचल, भराव दाबून झाल्यावर एक हप्ता, ब्लॉक येऊन पडल्यावर एक, बसवून झाल्यावर एक. भरावाचा हप्ता देण्याआधी घरातल्या कुणीतरी स्वतः उभं राहून पाहावं आणि मोबाइलवर टेप लावलेले फोटो काढून ठेवावेत. ब्लॉक बसले की हा पुरावा कायमचा झाकला जातो. आणि पाच ते दहा टक्के रक्कम पहिला पावसाळा जाईपर्यंत राखून ठेवायची, हे कागदात आधीच लिहावं. काम संपल्यावर अचानक पैसे अडवणं आणि आधी ठरवून राखून ठेवणं यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. पहिल्याने माणूस दुखावतो, दुसऱ्याला तो आपणहून तयार होतो, कारण चांगल्या ठेकेदाराला आपलं काम पावसात टिकणार याची खात्री असते.

एवढं करूनही फसवणूक झाली तर ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ पाठीशी आहे. ठेकेदाराचं काम ही पैसे देऊन घेतलेली सेवा आहे, आणि तिच्यातल्या त्रुटीबद्दल दोन वर्षांच्या आत जिल्हा आयोगाकडे तक्रार करता येते. पाच लाखांपर्यंतच्या मोबदल्याच्या प्रकरणात तक्रारीला शुल्क नाही. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५. पण आयोगासमोर ते वहीचं पान आणि ते फोटोच बोलतात.

राबणारे हात

या सगळ्यात एक माणूस करारात कुठेच नसतो. ब्लॉक वाहणारा, उकिडवा बसून दिवसभर ते ठोकणारा, कटरच्या धुळीत तोंडाला रुमाल बांधून उभा असणारा. पश्चिम महाराष्ट्रातल्या कामांवर लातूर-नांदेडकडची, विजापूर-कलबुर्गीकडची कुटुंबंच्या कुटुंबं दिसतात. काँक्रीट कापताना उडणारी धूळ फुप्फुसांत कायमची बसते. ब्लॉक ओला करून कापला की ती पुष्कळ कमी होते, आणि त्यासाठी लागतं ते फक्त आपल्या नळाचं पाणी. हे ठेकेदाराला पहिल्याच दिवशी सांगावं. प्यायचं पाणी, सावली, बाईमाणसासाठी संडास, हे घरमालकाच्या हातातलं आहे.

राज्याच्या बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाकडे १८ ते ६० वयाच्या कामगाराला नोंदणी करता येते, आणि त्यासाठी आधीच्या वर्षभरात ९० दिवस बांधकामावर काम केल्याचा दाखला लागतो. मुलांच्या शिक्षणापासून आजारपणापर्यंतच्या योजना त्या नोंदणीवर अवलंबून असतात. आपल्या अंगणावर राबलेल्या माणसांची नोंदणी झाली आहे का, हा प्रश्न ठेकेदाराला विचारायला काही पैसे पडत नाहीत. चार घरांत तो विचारला गेला की ठेकेदारही कागद नीट ठेवू लागतो.

भावात शेवटचे दहा रुपये तोडल्याचा आनंद दिवाळीच्या फराळापर्यंत टिकतो. ते दहा रुपये मुरमात, रोलरच्या जादा फेरीत आणि मजुरांच्या हजेरीत गेले, तर अंगण मुलं मोठी होईपर्यंत टिकतं. म्हणून ठेकेदाराला पहिला प्रश्न विचारा, ‘खाली काय करणार?’ त्याचं उत्तर पूर्ण ऐका, त्याचं मोल द्या आणि पावसाळा नीट गेला की राखून ठेवलेले पैसे त्याने मागायची वाट न बघता पोचवा. चांगलं काम करणारा माणूस आपल्या गावात टिकून राहावा असं वाटत असेल, तर हा व्यवहार आपल्याकडूनही तितकाच चोख झाला पाहिजे.